पुण्यातल्या एका इमारतीतली झुरळं: सोळा स्वयंपाकघरांचं प्रकरण

कर्वेनगर भागातली आमची इमारत १९८०च्या दशकातली. खाली पार्किंग आणि दोन गाळे, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार सदनिका. मागच्या बाजूला दोन डक्ट, म्हणजे पाइप नेण्यासाठी सोडलेल्या उभ्या पोकळ्या, आहेत. प्रत्येक मजल्यावरची दोन स्वयंपाकघरं एका डक्टला लागून आणि दोन दुसऱ्या. म्हणजे एका डक्टभोवती आठ ओटे, आठ सिंक आणि आठ ठिकाणी भिंत फोडून बाहेर काढलेले पाइप. झुरळांचं हे सगळं प्रकरण या रचनेभोवती फिरतं.

तक्रार जुनीच होती. रात्री पाणी प्यायला उठलं, दिवा लावला की ओट्यावरून चार-सहा झुरळं पळायची. काही घरांत दिवसाढवळ्या दिसू लागली, तेव्हा विषय सभेत आला. झुरळ रात्रीचा प्राणी आहे. भर दुपारी ते उघड्यावर फिरत असेल तर लपायच्या जागा भरल्या असा अर्थ घ्यावा, आणि तेव्हा एक-दोन डबे फवारून भागत नाही.

सभेतलं मत जवळजवळ एकमुखी होतं: खालच्या गाळ्यातलं पोळी-भाजी केंद्र हेच मूळ. रोज शेकडो पोळ्या लाटल्या जातात, पीठ सांडतं, खरकटं पडतं, मग झुरळं तिथूनच येणार. "केंद्र हलवा, झुरळं आपोआप जातील," असं दोघा-तिघांनी ठासून सांगितलं. केंद्र चालवणाऱ्या ताई सभेत नव्हत्या, त्यामुळे त्यांची बाजू मांडायला कोणी नव्हतं. ठरावाआधी इमारत नीट तपासू या, एवढीच विनंती मी केली. कमिटीतला एक जण आणि मी मिळून रात्री दहानंतर एकेका घरी जाऊन पाहायचं ठरवलं.

आधी काय केलं जात होतं ते सांगायला हवं. सोसायटीचं एका कंत्राटदाराशी वार्षिक कंत्राट होतं, दर तीन महिन्यांनी फवारणी. ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवशी भांडी काढून ठेवायची, बाकीच्यांचं पुढच्या वेळी. फवारणीनंतर दोन दिवस उलथी पडलेली झुरळं केरसुणीने गोळा व्हायची आणि सगळ्यांना हायसं वाटायचं. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच.

यामागचं कारण झुरळाच्या आयुष्यक्रमात आहे. घरातलं लहान झुरळ, ज्याला जर्मन झुरळ म्हणतात, ते दीड सेंटिमीटरच्या आतलं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद समांतर रेघा असलेलं. त्याची मादी अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला धरून फिरते. एका कुपीत तीस ते चाळीस अंडी. साधारण तीन-चार आठवड्यांनी, पिल्लं बाहेर पडायच्या बेताला आली की ती कुपी सोडते. फवारणीने मादी मेली तरी पिकत आलेल्या कुपीतून पिल्लं बाहेर येऊ शकतात. उबदार हवेत ही पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. आता आमचं कंत्राट आठवा: दर तीन महिन्यांनी. दोन फवारण्यांच्या मधे एक अख्खी पिढी अंड्यातून निघून पुन्हा अंडी द्यायला तयार व्हायची.

शिवाय फवारणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली बरीच औषधं झुरळांना लगेच जाणवतात. मरतात ती मरतात, उरलेली पाइपाच्या भोकातून डक्टमध्ये आणि डक्टमधून शेजारच्या घरात जातात. आज तिसऱ्या मजल्यावर फवारणी, परवा दुसऱ्यावर, आणि झुरळं मधल्या मधे जागा बदलत राहायची. वर या औषधांना न जुमानणारी झुरळं जगभर तयार झाली आहेत. प्रत्येक फवारणीतून जी वाचतात, त्यांचीच पुढची पिढी वाढते.

हे झुरळ जर्मनीचं नाहीच. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसने १७६७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते युरोपातल्या नमुन्यांवरून, म्हणून ते नाव चिकटलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचा उगम भारत किंवा म्यानमारच्या भागात, सुमारे २,१०० वर्षांपूर्वी, रानातल्या आशियाई झुरळापासून झाला. माणसाच्या घराबाहेर रानात त्याची वस्ती आढळत नाही. ते आपल्या ओट्याखालीच घडलं आणि तिथेच जगतं.

तपासणीला आम्ही टॉर्च, छोटा आरसा, पेचकस आणि चिकट सापळे घेऊन गेलो. सापळा म्हणजे गोंद लावलेला पुठ्ठा. त्याने झुरळं संपत नाहीत, कुठे किती आहेत ते कळतं. जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात सिंकखाली, फ्रिजमागे आणि ट्रॉलीच्या कोपऱ्यात असे तीन ठेवले आणि त्यावर सदनिकेचा क्रमांक आणि तारीख लिहिली.

पहिला उलगडा पोळी-भाजी केंद्रात झाला. तिथल्या सापळ्यांत मोठी, तांबूस, साडेतीन-चार सेंटिमीटरची झुरळं सापडली. ही गटाराची झुरळं, अमेरिकन म्हणतात ती. वरच्या घरांत मात्र जवळजवळ सगळी लहान, दोन रेघांची. म्हणजे ज्या केंद्रावर सगळा रोष होता, तिथली झुरळं आणि आमच्या ओट्यांवरची झुरळं वेगळ्याच जातीची. मोठी ड्रेनेजच्या चेंबरमधून यायची आणि लहान इमारतीच्या आतच नांदत होती. सभेत हे सापळे मी मुद्दाम टेबलावर मांडले. एखाद्या बाईच्या पोटावर पाय येणार असेल तर निदान पुरावा तरी खरा हवा.

लहान झुरळांची सर्वांत दाट वस्ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात निघाली, आणि ते घर इमारतीतलं सर्वांत स्वच्छ घर आहे. तिथल्या आजी कळवळून म्हणाल्या, "अरे, रोज रात्री ओटा पुसून, सिंक कोरडं करून झोपते मी. माझ्याकडे कुठून आली ही?" त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ओटा चकचकीत होता. मग पाण्याच्या प्युरिफायरचं पुढचं झाकण पेचकसाने उघडलं. आत ट्रान्सफॉर्मरची ऊब, नळीच्या जोडातून पाझरणारा थेंब आणि पूर्ण अंधार. झाकणाच्या आतल्या कडेला मिरपुडीसारखे काळे ठिपके दाट पसरले होते, कात टाकल्याच्या पांढुरक्या साली चिकटल्या होत्या, रिकाम्या कुप्या होत्या, आणि सगळ्या वयाची झुरळं एकाला एक खेटून बसली होती. आजी मागे सरकल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी त्यांना सांगितलं, "आजी, यात तुमच्या साफसफाईचा काही दोष नाही. याच्या आत कोणाचा हात पोचतच नाही."

त्या काळ्या ठिपक्यांना महत्त्व आहे. ती झुरळांची विष्ठा, आणि तिच्या वासाने बाकीची झुरळं त्या जागी गोळा होतात. म्हणून वस्ती एकदा जमली की त्याच बिजागरीत, त्याच फटीत पुन्हा पुन्हा जमते. पूर्ण वाढलेलं झुरळ पाचेक मिलिमीटरच्या फटीत आरामात बसतं. पिल्लाला दीड-दोन मिलिमीटर पुरतात. बाकीच्या घरांतही जागा थोड्याफार त्याच निघाल्या: फ्रिजच्या दाराचं रबर, मागचा कॉम्प्रेसर, मिक्सरचा तळ, ट्रॉलीच्या रुळांमागची पोकळी, कडाप्प्याच्या फडताळांचे उघडे सांधे, भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या आतला भाग.

आणि प्रत्येक सिंकखाली तेच दृश्य. भिंतीला पाडलेलं भोक चांगलं हातभर मोठं, त्यातून गेलेला पाइप बारीक. भोवतीची जागा वर्षानुवर्षं उघडी. काही घरांत तिथे कापडाचा बोळा कोंबला होता, तो ओला आणि झुरळांनी भरलेला. आठ घरं एकमेकांना या भोकांनी जोडलेली होती. कोणी एकट्याने आपलं घर कितीही निर्जंतुक केलं असतं तरी झुरळं महिन्याभरात शेजारून परत आली असती.

सभेपुढे म्हणून एकच प्रस्ताव ठेवला: कंत्राटातली फवारणी थांबवायची आणि तेच पैसे आधी भोकं बुजवायला वापरायचे. एका डक्टवरची आठही घरं एकाच आठवड्यात हाती घ्यायची. एकानेही नाही म्हटलं तर काम अर्धवट राहतं, हे मी चारदा सांगितलं. दोन घरं तयार नव्हती. एकाचं म्हणणं, "आमच्याकडे नाहीयेत झुरळं, आम्ही पैसे का द्यायचे?" त्यांना त्यांच्याच सिंकखालचा सापळा दाखवला. पहिल्या मजल्यावरच्या जैन कुटुंबाचा नकार वेगळा होता. घरात जीव मारणारं औषध त्यांना चालणार नव्हतं, चिकट सापळाही नको होता. हा त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे आणि त्यावर बहुमताने मात करायची नसते. त्यांच्याकडे फक्त भोकं बुजवायची, पाझर बंद करायचा आणि फटी भरायच्या असं ठरलं. त्याला ते आनंदाने तयार झाले, उलट गवंड्याला लागणारं सामान त्यांनीच आणून दिलं.

कामाचा क्रम आम्ही बदलू दिला नाही. आधी पाणी, मग वाटा, शेवटी औषध. झुरळ अन्नाशिवाय, पाणी मिळत असेल तर, महिनाभर काढू शकतं. पाण्याविना मात्र जर्मन झुरळ दोनेक आठवड्यांतच मरतं. म्हणून प्लंबरला बोलावून गळके नळ, सिंकचे सैल जोड आणि प्युरिफायरच्या नळ्या दुरुस्त केल्या. रात्री ओलं फडकं सिंकवर पसरून ठेवायची सवय बहुतेक घरांत होती. ते फडकं वाळत टाकायला सांगितलं. भांडी घासायच्या घासणीखाली साचणारं पाणीही असंच.

मग गवंडी. पाइपाभोवतीची मोठी भोकं सिमेंटने, लहान फटी पांढऱ्या सिमेंटने, ट्रॉली आणि भिंतीमधल्या फटी सिलिकॉनने बुजवल्या. कडाप्प्याचे सांधे भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. कंटाळवाणं काम, पण दीर्घकाळ टिकणारा परिणाम याच कामाने दिला. औषधाचा जोर महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो, सिमेंट वर्षानुवर्षं राहतं.

औषध म्हणून फक्त जेल, म्हणजे झुरळांनी खायचं विषारी आमिष. नवा कंत्राटदार निवडताना १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना पाहिला आणि कोणतं औषध वापरणार ते नावानिशी लिहून घेतलं. एका घरात माळ्यावर डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाची जुनी बाटली निघाली. पूर्वी अनेकांच्या घरी ही असायची. भारतात ३१ डिसेंबर २०२०पासून त्यावर बंदी आहे. ती वापरायची तर नाहीच, पण मोरीत ओतायचीही नाही, म्हणून बाजूला काढून कंत्राटदाराच्या ताब्यात दिली.

जेलचं काम फवारणीच्या उलटं चालतं. झुरळ ते खातं, लपायच्या जागी परत जातं आणि तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि कलेवर पिल्लं खातात, त्यामुळे कधीही बाहेर न पडलेली पिल्लंही मरतात. यासाठी औषध सावकाश चढणारं हवं. ठिपका मसुराच्या डाळीएवढा, एका जागी मोठा गोळा कधीच नाही, असे पुष्कळ ठिपके. जागा सापळ्यांनी आधीच दाखवल्या होत्या: बिजागऱ्या, रुळांमागे, फ्रिजच्या तळाशी. प्युरिफायर मात्र पूर्ण उघडून साफ केला, कारण पिण्याच्या पाण्याच्या उपकरणात औषध घालायचं नाही. एक नियम सगळ्यांना लिहून दिला: जेलच्या आसपास फवारा नाही, विषारी खडूच्या रेघा नाहीत, फिनाइलचं फडकं नाही. तो वास लागला की झुरळ जेलकडे फिरकत नाही.

स्विचबोर्डांमागे आणि ट्रॉलीमागच्या कोरड्या पोकळीत बोरिक पावडरचा अगदी पातळ थर दिला, बोर्डांचं काम अर्थातच मेन स्विच बंद करून. आपल्याकडे कणिक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या करायची पद्धत आहे. ती चुकीची नाही, फक्त लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरात उघड्यावर गोळ्या ठेवणं धोक्याचं. पावडर कोरडी राहिली तर फार काळ काम करते, आणि ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं.

पहिले दहा-बारा दिवस तक्रारी वाढल्या. झुरळं दिवसा, डुलत, भलत्याच ठिकाणी दिसायला लागली. हे होणार हे आधीच कागदावर लिहून प्रत्येक दारात दिलं होतं, म्हणून कोणी घाबरून फवारा मारला नाही. मग घसरण सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात बहुतेक सापळे रिकामे. महिन्याने पुन्हा बारीक पिल्लं दिसली. कुप्यांमधून ती निघणारच होती. दुसरा जेलचा हात त्या वेळेसाठीच राखून ठेवला होता. इथे जी घरं "गेली झुरळं" म्हणून थांबतात, त्यांची सगळी मेहनत वाया जाते.

जैन कुटुंबाच्या घरातला फरक उशिरा, पण स्पष्ट दिसला. आधीइतकी झुरळं त्यांना टॉर्चच्या उजेडातही दिसेनात. वाट बंद, पाणी बंद आणि शेजारची वस्ती गेलेली, याचा तो परिणाम.

पुढच्या वर्षी जेलमधलं औषध बदललं. आधी फिप्रोनिल होतं, नंतर इंडोक्साकार्ब. एकच औषध चालू ठेवलं की त्याला पुरून उरणारी झुरळं निवडली जातात. ही निवड चवीपर्यंत जाते. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लुकोज न खाणारी जर्मन झुरळं आढळली. गोड आमिषात विष घालून पिढ्यान्‌पिढ्या मारल्यावर, ज्यांना ग्लुकोज कडू लागतं तीच वाचली होती.

मोठ्या झुरळांचं काम वेगळं आणि सोपं निघालं. चेंबरची दोन झाकणं फुटलेली होती, ती बदलली. गच्चीवरच्या व्हेंट पाइपांना जाळी लावली. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वळणात साचून राहणारं, पाणी सुकलं की गटारातून थेट वाट उघडते, म्हणून आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायचं. केंद्राच्या ताईंनी ओला कचरा रात्रभर ठेवणं बंद केलं, झाकणाची बादली घेतली आणि मोरीला स्टीलची जाळी बसवली. पावसाळ्यात चेंबर तुंबले की मोठी झुरळं वर चढतात. तेव्हा दोन-चार दिसली तरी घरात वस्ती झाली असं समजायचं नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक लहान मूल दम्याचं आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने केली. झुरळांच्या विष्ठेतले आणि कातीतले प्रथिनकण दमा बळावू शकतात. अमेरिकेतल्या शहरी मुलांवरच्या १९९७ सालच्या मोठ्या अभ्यासाने हे ठळकपणे पुढे आणलं. झुरळं मेली तरी ती धूळ कित्येक महिने राहते. त्यामुळे जेलचं काम संपल्यावर प्रत्येक घरात ट्रॉल्या बाहेर काढून मागची भिंत साबणाच्या ओल्या फडक्याने पुसली. केरसुणीने झाडलं तर ती धूळ हवेत उडते.

अडचण एकदाच आली. चौथ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले आणि त्यांच्याबरोबर जुना फ्रिज. तीन आठवड्यांत त्यांच्या आणि शेजारच्या सापळ्यात लहान झुरळं दिसली. सापळे कायम ठेवल्याचा उपयोग तिथे झाला. दोनच घरांत जेल घालून विषय मिटला, बाकी चौदा घरांना हातही लावावा लागला नाही. आता वापरलेला फ्रिज, ओव्हन किंवा प्युरिफायर आणणाऱ्याने तो आधी पार्किंगमध्ये उघडून दाखवायचा, असा नियम आहे. किराणा मालाचे पुठ्ठ्याचे खोकेही घरात साठवायचे नाहीत. त्यांच्या नागमोडी थरांत कुप्या सहज बसतात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सापळे बदलतात आणि वहीत नोंद होते. नोंद ठेवायचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी स्वतःहून मागून घेतलं आहे, आणि त्या कोणालाही सूट देत नाहीत. फवारणीचं कंत्राट पुन्हा दिलेलं नाही.

एक घर अजून राहिलं आहे. पूर्वेकडच्या डक्टवरच्या एका सदनिकेचे मालक परदेशात असतात. सिंकखालचं भोक बुजवून झालं, पण किल्ली पुण्यातल्या नातेवाइकांकडे असते आणि नहाणी ट्रॅप दर वेळी सुकलेला मिळतो. मालकांशी फोनवर बोलणं झालं आहे. पुढच्या सभेत एक किल्ली सेक्रेटरींकडे ठेवायची लेखी परवानगी नोंदवायची आहे, आणि तोवर त्या बाथरूमच्या जाळीवर प्लास्टिक आणि वीट ठेवली आहे.